बुद्ध्यांक विकणाऱ्यांनो, आधी तुमच्या गेजचं सर्टिफिकेट दाखवा

प्रति,
ऑनलाइन आयक्यू चाचण्या तयार करणारे, चालवणारे आणि निकालाची प्रमाणपत्रं विकणारे सर्व संबंधित

विषय : आम्हाला दिलेल्या आकड्यांचा हिशोब मिळणेबाबत

स.न.वि.वि.

आम्ही तुमचे गिऱ्हाईक, आणि तेही नेहमीचे. पिंपरी-चिंचवडातली आठ-दहा जणांची टोळी, सगळे कोड्यांच्या नादाला लागलेले. कुणाला सुडोकू सुटल्याशिवाय चहा गोड लागत नाही, कुणी रविवारचं शब्दकोडं पेनाने सोडवतं. टोळीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत (त्यांना सगळे काकाच म्हणतात), शिकवणी घेणाऱ्या एक मॅडम आहेत, आयटीतली दोन-तीन पोरं आहेत आणि मी आहे. भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात, मोजमापाच्या खोलीत माझी नोकरी. कुणाला नवी चाचणी सापडली की ग्रुपवर लिंक येते, सगळे ती देतात, मग निकालांचे स्क्रीनशॉट पडतात. त्यानंतर जे सुरू होतं त्याला चर्चा म्हणणं जरा धाडसाचंच.

भांडणाचं मूळ एकच, आकडे जुळत नाहीत. आयटीतल्या एका पोराला एका ठिकाणी ११६ मिळाले, दुसऱ्या ठिकाणी १२९ आणि तिसऱ्या ठिकाणी १४४, तेही एकाच आठवड्यात. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, त्यामुळे अक्कल वाढली असण्याची शक्यता कमीच. आमच्या खोलीत एकच जॉब, म्हणजे कारखान्यात बनलेला सुटा भाग, तीनदा मोजला आणि तीन वेगळी मापं आली, तर त्यातलं आवडलेलं माप घेऊन कुणी पुढे जात नाही. आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासलं जातं. प्रत्येक मायक्रोमीटरवर, प्रत्येक डायलवर एक स्टिकर असतो. त्यावर क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख आणि पुढची ड्यू डेट. फाइलमध्ये सर्टिफिकेट असतं. कोणत्या मास्टरशी, म्हणजे प्रमाण मानलेल्या मापाशी, ताडलं, एरर किती आली, अनिश्चितता किती, हे सगळं त्यावर. ऑडिटर आला की जॉबकडे बघायच्या आधी ती फाइल मागतो. हे पत्र म्हणजे तशीच मागणी समजा.

सगळ्यात मोठी जुंपली ती १३० आणि १४८ वरून. काकांना एका चाचणीत १४८ पडले, मॅडमना दुसरीत १३०. काकांनी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू येतं. शेवटी एका पोराने दोन्ही निकालांच्या तळाची बारीक अक्षरं मोठी करून वाचली. सरासरी दोन्हीकडे १००, पण काकांच्या चाचणीचं प्रमाण विचलन (म्हणजे लोकांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) २४ आणि मॅडमच्या चाचणीचं १५. म्हणजे काका सरासरीच्या वर दोन विचलनं, आणि मॅडमही दोनच. दोघेही शंभरात वरच्या दोघांत. बुद्धिचाचण्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या: कॅटेलच्या पट्टीवर ज्याला १४८ म्हणतात, जुन्या स्टॅनफर्ड-बिनेच्या पट्टीवर ज्याला १३२ म्हणतात, त्यालाच वेक्सलरच्या पट्टीवर १३० म्हणतात. मेन्सा ही १९४६ साली ऑक्सफर्डला निघालेली संस्था प्रवेशासाठी वरचे दोन टक्के पाहते, आकडा चाचणीगणिक बदलतो, तो याचसाठी. पेढ्यांचे फोटो काकांनी डिलीट केले.

ही माहिती बारीक अक्षरात का होईना, त्या दोघांच्या निकालावर होती. आम्ही दिलेल्या बहुतेक चाचण्यांत तीसुद्धा नव्हती. सेंटिमीटर की इंच ते न सांगता नुसतं 'लांबी १४८' असं लिहिलेला ड्रॉइंगचा कागद माझ्याकडे आला, तर मी तो परत पाठवतो. तुमचे कागद मात्र आम्ही फ्रेम करून लावावेत अशी तुमची अपेक्षा.

आता मास्टरचं बोलू. सरासरी १०० म्हणजे कुणाची सरासरी? वेक्सलरची प्रौढांसाठीची चाचणी चौथ्यांदा नव्याने निघाली २००८ साली. तेव्हा अमेरिकेतली १६ ते ९० वयाची २,२०० माणसं निवडली गेली. वय, शिक्षण, वंश, प्रदेश या सगळ्यांचं प्रमाण तिथल्या जनगणनेशी जुळवून घेतलेलं होतं. प्रत्येकाची चाचणी प्रशिक्षित माणसाने समोर बसून घेतली. १०० हा आकडा त्यातून आला. तो अमेरिकेचा आहे, आपला नव्हे, पण निदान कुणाचा आहे ते माहीत आहे.

तुमचा कुणाचा? 'लाखो लोकांनी दिलेली चाचणी' एवढंच पहिल्या पानावर झळकत असतं. लाखोंचं काय करायचं? रात्री साडेअकराला हौसेने आकृत्यांची कोडी सोडवायला बसणारी माणसं म्हणजे काही जनतेचा नमुना नव्हे. त्यातून अर्ध्यावर कंटाळून गेलेले हिशोबातून गळतात. एकच माणूस वेगवेगळ्या ईमेलने चारदा बसला तर तो चार माणसं म्हणून मोजला जातो (आमच्यातले दोघे हमखास असं करतात, म्हणून माहीत). शाळकरी पोरगा वयाच्या रकान्यात ३० टाकतो. या गर्दीची सरासरी काढून तिला १०० म्हटलंत, तर सामान्य माणसाला उगाच कमी गुण पडणार. आणि गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून पट्टी वर सरकवलीत, तर सगळेच हुशार ठरणार. तुमच्यापैकी कोण यातलं काय करतं ते बाहेरून कळायला मार्ग नाही. निकाल पाहता बऱ्याच जणांनी दुसरा रस्ता धरलेला दिसतो.

आमच्या दहा जणांतल्या तिघांना तुमच्यातल्या एकाने १५५ च्या वर नेऊन बसवलं. विचलन १५ धरलं तर १५५ च्या वरचा माणूस साधारण आठ हजारांत एक, १६० च्या वरचा साधारण साडेएकतीस हजारांत एक. त्या २,२०० जणांच्या काटेकोर नमुन्यातसुद्धा १६० चा एखादा सापडेलच अशी खात्री नाही, उलट न सापडण्याचीच शक्यता जास्त. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. त्या हिशोबाने अख्ख्या पुण्यात असे शंभरेक. (पुण्यात कुणालाही विचारलंत तर तो स्वतःला त्या शंभरात धरेल, ते सोडा.) गिनीज बुकाने सर्वाधिक बुद्ध्यांकाचा विक्रमच १९९० साली बंद करून टाकला, कारण इतक्या वरच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही मात्र वीस प्रश्नांत आणि दहा मिनिटांत ते आकडे काढून देता. आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तुमचं काही जात नाही, पण मोजलं म्हणून सांगू नका.

उलट एक उदाहरण देतो, कारण सगळ्यांना एकाच काठीने हाकणं बरोबर नाही. नॉर्वेच्या मेन्साची फुकट चाचणी हौशी मंडळींत जगभर माहीत आहे. ३५ प्रश्न, २५ मिनिटं, आणि निकाल ८५ ते १४५ याच्या बाहेर जात नाही. खाली किती, वर किती मोजता येतं हे ते आधीच सांगून मोकळे होतात. पण हिशोब करून बघा. ६० गुणांचा पट्टा ३५ प्रश्नांत बसवला की एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन गुण येतात. प्रत्येक प्रश्नाला सहा पर्याय असतील तर डोळे मिटून खुणा करणाऱ्याचेही पाच-सहा बरोबर येणार. दोन अंदाज लागले की गडी तीन-चार गुणांनी वर. आणि आमच्या ग्रुपवर १२६ विरुद्ध १२९ यावरून मध्यरात्रीपर्यंत वाद.

हा वाद मिटवणं तुमच्या हातात होतं. चाचणीची विश्वसनीयता (म्हणजे निकाल किती स्थिर येतो ते, जास्तीत जास्त १) ०.९० असली, जी काही वाईट नाही, तरी १५ विचलनाच्या पट्टीवर मापनाची प्रमाण त्रुटी पावणेपाच गुणांच्या घरात जाते. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गुण. म्हणजे १२७ असं लिहिण्याऐवजी '११८ ते १३६ यांच्या दरम्यान' असं लिहायला हवं. मानसतज्ज्ञांच्या लेखी अहवालात आकड्याशेजारी असा पट्टा देण्याची रीत आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर मात्र सोनेरी कडा असते, डिजिटल सही असते, कुठल्या तरी देशाच्या राजमुद्रेसारखं दिसणारं चिन्ह असतं, फक्त अधिक-उणे नसतं. आयटीतल्या त्या पोराचे ११६ आणि १२९ कदाचित एकमेकांशी भांडतही नसतील. दोघांचे पट्टे एकमेकांत मिसळत असतील. पट्टाच दिला नाही तर त्याला कळावं कसं?

आता एक गोष्ट जी तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल, कारण तुमच्यातले बरेच जण परदेशातले आहात. महाराष्ट्रात शिकलेली माणसं या खेळात आधीच मुरलेली असतात. आमच्याकडे राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा असते. आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला होती. त्यात भाषा आणि गणिताबरोबर 'बुद्धिमत्ता चाचणी' हा चक्क एक विषय. गटात न बसणारे पद ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, सांकेतिक भाषेत 'कमळ' कसं लिहाल, फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून एक बाई म्हणाली वगैरे. त्यासाठी सकाळी सातला जादा तास असायचे, वाटेत पावसात भिजलेली दप्तरं घेऊन पोरं यायची, आणि गुरुजी एकेका प्रकाराची युक्ती शिकवायचे. पुढे प्रज्ञाशोध, मग एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा, तिथेही हेच. अशा माणसाने तुमच्या संख्यामालिका फडाफड सोडवल्या तर त्याची बुद्धी मोजली गेली की गुरुजींची मेहनत?

शिवाय आमच्यासारख्या हौशींचं तर विचारूच नका. नऊ चौकोनांची आकृती दिसली की हात आपोआप चालतो. आधी आडव्या ओळीत बघायचं, जमलं नाही तर उभ्या, तेही नाही तर कर्णात. काही फिरतंय का, ४५ अंशांत की ९० मध्ये, ते तपासायचं. तेही नसेल तर पहिल्या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवायच्या आणि दोघींत समान असलेल्या रेघा पुसायच्या, उरलेली तिसरी. ही शेवटची युक्ती मॅडमनी सगळ्यांना शिकवली आणि पुढच्या चाचणीत अख्खी टोळी वर गेली. इंग्रज मानसशास्त्रज्ञ रेव्हनने १९३८ साली आकृत्यांची चाचणी आणली तेव्हा ती सोडवणाऱ्याने असलं काही आधी पाहिलेलं नसेल, हे गृहीत होतं. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या टोळीतला कुणीही आता मोजण्यालायक उरलेला नाही. तरीही तुमच्यापैकी एकानेही सुरुवातीला 'अशा चाचण्या आधी दिल्या आहेत का?' असं विचारल्याचं मला आठवत नाही.

भाषेच्या प्रश्नांवर फार लिहीत नाही, एकच नमुना देतो. मराठीत भाषांतर केलेल्या एका चाचणीत गटात न बसणारा शब्द विचारला होता. आंबा, फणस, काजू, नारळ. आमच्यातले एकजण रत्नागिरीचे. ते म्हणाले, काजू, कारण बी फळाच्या बाहेर. मॅडम म्हणाल्या, नारळ, त्याच्या झाडाला फांद्याच नसतात. काका म्हणाले, फणस, कारण तो खोडाला लागतो, आणि एका फणसात पुष्कळ फळं असतात. मी आंब्याच्या बाजूने होतो, कारण चौघांत नाव घेतल्यावर कोय आठवणारा तो एकटाच. चाचणीचं उत्तर होतं नारळ, कारण दिलेलं नव्हतं. आम्हा चौघांतल्या तिघांचा एक गुण गेला. आणि इंग्रजी चाचण्यांतली निकेल आणि डाइम या अमेरिकी नाण्यांची गणितं! त्या नाण्यांची किंमत माहीत असणं ही बुद्धी नव्हे, व्हिसा मिळाल्याचा पुरावा फार तर.

याहून जास्त काळजी आपल्याकडे फार पूर्वी घेतली गेली होती. मुंबई इलाख्यातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. नुसते शब्द बदलून भागवलं नाही, इथल्या मुलांवर प्रश्न तपासून पाहिले, आणि त्यावर १९४० साली पुस्तक प्रसिद्ध केलं. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, तेही अर्धशतकापूर्वीचं. या दोन्ही चाचण्या दवाखान्यांत आजही वापरल्या जातात. त्यांचे नमुने जुने झालेत, ड्यू डेट कधीच उलटून गेली, ही तक्रार त्या क्षेत्रातली माणसं स्वतःच उघडपणे करतात. ती करायलाही हवी. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अमेरिकेत गुण दर दशकाला साधारण तीनने वाढत गेले. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या पट्टीवर आजचा माणूस मोजला की आठ-दहा गुण आयते वाढून येतात. तुमची पट्टी कुठल्या सालची? निकालावर तारीख छापता ती आम्ही चाचणी दिली त्या दिवसाची.

आतापर्यंत लिहिलं ते आमच्यासारख्या मोठ्या माणसांच्या हौसेचं. त्यात कुणाचं फार बिघडत नाही. पण मॅडमच्या शिकवणीला सहावीतला एक मुलगा येतो. त्याची आई एक दिवस प्रिंट घेऊन आली. त्यावर ८८. मुलाने ती चाचणी वडिलांच्या मोबाइलवर दिली होती, इंग्रजीत, मधेमधे येणाऱ्या जाहिराती बंद करत. वयाचा रकाना वडिलांच्या नावाने भरलेला, त्यामुळे तुलना झाली ती मोठ्यांशी. आईचा प्रश्न होता, याला सेमीतून काढून पूर्ण मराठीत टाकू का. मॅडमना तिला समजवायला तासभर लागला. मुलगा बाजूला बसून सगळं ऐकत होता, मधेच म्हणाला, "टीचर, त्यात घड्याळ उलटं चालत होतं, मला वाटलं वेळ वाढतेय."

आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसला ही पहिली चाचणी केली ती कुठल्या मुलाला शाळेत जास्त मदत लागेल ते ओळखायला. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते या विचाराविरुद्ध बिने यांनी १९०९ मध्ये स्वतः लिहिलं. १९११ मध्ये ते गेले, आणि मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या मुलांइतकं सोडवतं त्या वयाला) खऱ्या वयाने भागायची कल्पना विल्यम स्टर्न यांनी मांडली १९१२ मध्ये. त्याला शंभराने गुणून आयक्यूचा आकडा रूढ केला तो १९१६ मध्ये अमेरिकेच्या टर्मन यांनी. बिने यांच्या नावाने दुकानं मांडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलं आहे. 'मी १८ वर्षांचा आहे' या चौकटीत टिचकी मारून घेणं म्हणजे पडताळणी नव्हे.

पैशांचं थोडक्यात आटोपतो. चाचणी फुकट म्हणून सुरू होते, शेवटचा प्रश्न संपला की निकालासाठी पैसे मागितले जातात. वीस मिनिटं घालवल्यावर माणूस देतोच. काकांनी दिले, किरकोळच होते. पुढच्या महिन्यात बँकेचा संदेश आला की उद्या अमुक रक्कम कापली जाईल. रिझर्व्ह बँकेने असा संदेश २४ तास आधी देणं सक्तीचं केलं आहे म्हणून कळलं तरी. निकालाबरोबर सदस्यत्वही त्यांच्या गळ्यात मारलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवले, त्यात हा सदस्यत्वाचा सापळा नावानिशी आहे.

तेव्हा आमचं मागणं असं. प्रत्येक निकालावर विचलन छापा, आणि एका आकड्याऐवजी पट्टा द्या. सरासरी कुठल्या लोकांवरून, किती जणांवरून आणि कुठल्या साली काढली ते पहिल्याच पानावर लिहा. नमुना स्वतःच्या गिऱ्हाइकांचा असेल तर तसं लिहा, आम्ही समजून घेऊ. तुमच्या चाचणीला जिथपर्यंत मोजता येतं त्याच्या वरचा आकडा देऊ नका, '१४० किंवा त्याहून अधिक' असं लिहून थांबा. आधी किती चाचण्या दिल्यात ते विचारा. किंमत पहिल्या प्रश्नाच्या आधी सांगा. मुलांना मोठ्यांच्या पट्टीवर मोजू नका, आणि मुलांसाठी स्वतंत्र पट्टी नसेल तर निकालच दाखवू नका. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. संशोधकांनी २०१४ पासून आयकार नावाचा प्रश्नसंग्रह खुला ठेवला आहे. सुमारे ९७ हजार लोकांच्या उत्तरांवर तो तपासला आणि त्याची विश्वसनीयता छापून टाकली. फुकट काम करणाऱ्यांना जमतं ते पैसे घेणाऱ्यांना जमायला हरकत नसावी.

ज्यांना हे मान्य असेल त्यांनी आपल्या चाचणीचा तपशील जाहीर करावा, आम्ही तो वाचू आणि ग्रुपवर त्यांचीच चाचणी लावू. ज्यांना मान्य नसेल त्यांनी निकालाखाली ठळक अक्षरात 'केवळ करमणुकीसाठी' असं लिहावं. करमणुकीला आमची काही हरकत नाही, आम्ही आहोतच रिकामटेकडे.

कळावे,

आपला,
मोजमापाच्या खोलीतला एक गिऱ्हाईक
भोसरी, पुणे

ता. क. सदस्यत्व बंद करायचं बटण नक्की कुठे असतं, तेवढं सवडीने कळवावं. काकांनी शेवटी बँकेत फोन करून कार्डच बंद करून घेतलं, आणि ते त्या कार्डावर विजेचं बिल भरत होते.